दाराचा नंबर सांग

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही खरं तर वीज कंपनीची. मीटर वाचण्याचं कोरं रजिस्टर, पानभर रकाने: मागील आकडा, चालू आकडा, फरक. नोकरी सोडताना सामानात चुकून आलं असं मी सगळ्यांना सांगते. चुकून बिकून काही नाही, उचलून आणलं. अकरा वर्षं त्या शहरातले जिने चढले, एवढं तरी माझं असू दे.

लिहायला आज कारण मिळालं. दुपारी तीनला टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या खुर्चीत बसले होते. नायक घरात भांडून बाहेर पडला आणि धडाधडा जिना उतरायला लागला, तशी माझ्या हातातली चादर हातातच राहिली. तो जिना माझा होता. बाजारामागची चार मजली इमारत, कठड्याला लोखंडी वेली, आणि दुसऱ्या वळणावर एक पायरी इतरांपेक्षा उंच. नायक नेमका तिथे अडखळला. ते काही त्याला कुणी शिकवलेलं नसणार, तिथे सगळेच अडखळतात.

"अप्पा, आपलं शहर," मी ओरडलेच.

अप्पा मान न वळवता म्हणाले, "दाराचा नंबर सांग."

नायक तोवर रस्त्यावर आला होता. "बावीस."

"बावीस म्हणजे घड्याळजीची इमारत. वर दोघी बहिणी राहायच्या. एकीचं पत्र दुसरीच्या हातात दिलं की आठवडाभर अबोला."

अप्पा चौतीस वर्षं पोस्टमन होते. म्हणजे दारापर्यंतचं शहर त्यांचं आणि दाराच्या आतलं माझं: जिने, बोळकांडी, मीटरची कपाटं, त्या कपाटांत लोकांनी कोंबलेल्या चपला. आमचं लग्न जमलं तेही असंच. एकदा मी चौथ्या मजल्यावरचा मीटर वाचून खाली येत होते, तर हे टपालाची पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्याच मजल्यावर धापा टाकत बसलेले. म्हणाले, "मुली, तुला दम लागत नाही?" आठवड्याच्या आत मुलाला घेऊन आमच्या घरी हजर. सून मी पायांवरून निवडली, असं अजूनही सांगतात.

तो मुलगा पाणीपुरवठ्यात पंपांवर इंजिनिअर आहे, म्हणून मी नवऱ्याला पंपवाले म्हणते. त्यांची बदली झाली आणि चार महिन्यांपूर्वी आम्ही तिघं या गावात आलो. इथले मीटर आपले आपणच आकडे पाठवतात. त्यामुळे मी घरी.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना अप्पांनी विषय काढला. "मला परत जायचंय."

तिकडचं घर अजून आमच्याकडेच आहे, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालकाला पंधरा मेपर्यंत कळवायचंय, ठेवणार की सोडणार. अप्पांचं म्हणणं, ठेवा, मी एकटा राहतो. पंपवाल्यांचं म्हणणं, डोळ्यांचं काय. इथे आलो त्याच महिन्यात बाजारात एक सायकलवाला अप्पांना येऊन धडकला होता. अप्पा म्हणतात त्याने घंटा वाजवली नाही. पंपवाले म्हणतात घंटा नसली तरी सायकल दिसते. डॉक्टरकडे चला म्हटलं की अप्पा ताटावरून उठायला निघतात.

नंतर पंपवाल्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू दिवसभर घरात असतेस. त्यांना नीट दिसतं का, तेवढं लक्ष ठेव. दिसत असेल तर मी अडवणार नाही. नसेल तर घर सोडून देऊ, उगाच टांगती तलवार नको."

चला, मला नोकरी लागली. सासऱ्यांच्या डोळ्यांची इन्स्पेक्टर.

खरं लिहायचं तर अप्पांनी जाऊ नये असं मला वाटतं. ते गेले तर दिवसभर मी बोलू कुणाशी, फ्रिजशी? पण म्हणून खोटी साक्ष द्यायची नाही. जे दिसेल तेच सांगेन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पंधरा दिवसांत नऊ सिनेमे झाले. तीन वाजले की अप्पा स्वतःच हाक मारतात. आमचं शहर सिनेमावाल्यांचं फार लाडकं दिसतंय, राहत होतो तेव्हा पत्ताच नव्हता. तेव्हा रस्ता अडवून शूटिंग चालायचं आणि मी त्यांना शिव्या घालत लांबच्या गल्लीतून जायची.

आमची पद्धत ठरून गेली आहे. दाराचा नंबर मी सांगायचा, अप्पा घर सांगणार. नंबर नसला तर ते म्हणतात, "आधी तू सांग काय काय दिसतंय, मग मी सांगतो कुठलं. तुझी परीक्षा." मी सांगते: कोपऱ्यावर छत्र्यांचं दुकान, वर गोल खिडकी, खाली नळ. की ते लगेच म्हणणार, तिसरं बीट, नळगल्ली. बीट म्हणजे एका पोस्टमनची टपालवाटपाची हद्द; सगळं शहर त्यांच्या डोक्यात बीटाबीटाने लावलेलं आहे. नंबर मोठ्याने वाचायची तर मला खोडच आहे, अकरा वर्षं तेच केलं. आकडा दिसला की तोंडातून बाहेर पडतो, रस्त्यावरच्या ट्रकची पाटीसुद्धा सोडत नाही.

मी हे सगळं रजिस्टरमध्ये मागच्या बाजूने टिपून ठेवते. एका रकान्यात दार, दुसऱ्यात गल्ली, तिसऱ्यात सिनेमावाल्यांची लबाडी. परवा नायिका मोठ्या पोस्टातून बाहेर पडली आणि पुढच्याच क्षणी नदीकाठी रडत उभी. दोन्हींमध्ये पाऊण तासाचं अंतर, आणि बाईच्या पायात उंच टाचा. अप्पा हसून हसून खोकायला लागले.

काल तर कमाल झाली. मी आत चहा टाकायला गेले होते, परत येईपर्यंत यांनी ओळखूनही टाकलं: "लोखंडी पूल." पाटी नाही, नंबर नाही, पडद्यावर नुसत्या मोटारी खडखडत चालल्या होत्या. मला स्वतःला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं. दृष्ट काढावी असे डोळे आहेत. पंपवाल्यांना हे सांगितलंच पाहिजे.

३ मार्च, सोमवार

आज अप्पा हरले. सिनेमात नुसती गाण्याची धून, कुणी बोलत नाही, कुठे नंबर नाही, आणि एक मुलगी पायऱ्यांच्या रस्त्याने वर चढतेय. मी मुद्दाम काहीच बोलले नाही, म्हटलं बघू. इस्पितळामागच्या पायऱ्या, कुणीही सांगेल. अप्पा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "हे नवीन असेल. माझ्यानंतरचं."

"अप्पा, पायऱ्यांचे दगड पावलांनी खोलगट झालेत. नवीन कुठलं?"

"मग माझ्या बीटात नव्हतं."

होतं. पण हार मानणं या घराण्यात नाही, मुलाकडेही नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आज तक्रार केली, तुझे सासरे फार मानी, जिन्यात मी समोरून हसले तरी बघत नाहीत. मी सांगितलं, ते त्यांच्या विचारात असतात, हाक मारा, लगेच बोलतील. मारली, आणि बोललेही, चांगले दहा मिनिटं.

इथल्या पाण्यात धुतलेले कपडे सैल होतात. जुन्या गणवेशाची पँट घरात वापरते, तिच्या पट्ट्याला आज आणखी एक भोक पाडलं.

१४ मार्च, शुक्रवार

पंपवाल्यांनी रीतसर विचारलं, "मग काय ठरलं तुझं?"

मी म्हटलं, "अठरा सिनेमे झाले. एका पायऱ्यांच्या रस्त्याखेरीज सगळं ओळखलं. मी सांगायच्या आधी सांगतात." रजिस्टर दाखवलं. त्यांनी पानं उलटली, हसले, म्हणाले, "हे तर रीतसर दप्तर आहे." मग रजिस्टर मिटून म्हणाले, "ठीक आहे. जाऊ दे त्यांना."

सहा एप्रिलचं तिकीट काढलं. अप्पांना सांगायला मीच गेले. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. खूप खूश होतील असं वाटलं होतं, पण चेहरा काही तसा दिसला नाही.

मी साक्ष दिली ती खरी दिली. मग मला एवढं कसंनुसं का होतंय, कळत नाही. जेवण गेलं नाही. हल्ली जातच नाही, इथली हवा जड आहे.

२२ मार्च, शनिवार

अप्पांची बॅग भरतेय. एका पायात करडा मोजा आणि दुसऱ्यात निळा घालून बसले होते. मी चिडवलं, तर म्हणाले, "मोज्यांना कोण विचारतं, आत असतात." पेपर मीच वाचून दाखवते. तू वाच, तुझा आवाज गंजत चाललाय, असं म्हणतात. अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचते. ते गेले की पेपरही बंद करावा.

दुपारी एकटीच झोपून गेले. हल्ली रोजच झोपते. तिकडे असताना दुपारची झोप कशाला म्हणतात, माहीत नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

आज तेविसावा सिनेमा. अर्ध्याच्या आसपास एक बाई टॅक्सीतून उतरते, एका दारासमोर उभी राहते आणि तिला घंटा वाजवायचं धाडस होत नाही. कॅमेरा त्या दारावर थांबतो, खूप वेळ. दारावर मोठी पाटी. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आठ."

आणि मग मी दार बघितलं. तपकिरी दार. खालच्या बाजूला कपाट आत नेताना पडलेला लांब ओरखडा. पत्रं टाकायची फट इतर दारांपेक्षा रुंद, कारण पत्रं दुमडतात म्हणून अप्पांनी स्वतः कापून मोठी केली होती. कॅमेरा वर गेला, पहिल्या मजल्याची खिडकी, निळा पडदा, डावीकडून आखूड. तो पडदा मी शिवलाय. आम्ही एकदा आठवडाभर बाहेरगावी गेलो होतो, तेव्हा गल्लीत शूटिंग झाल्याचं शेजारी म्हणाले होते. आमच्या दारावर एकतीस नंबर आहे. सिनेमावाल्यांनी त्यावर आपली आठची पाटी ठोकली होती.

मी अप्पांकडे वळले. आता काय म्हणतात ते बघायला वळले, मला हसूच येत होतं.

अप्पा पडद्याकडे तोंड करून छान हसत होते. म्हणाले, "आठ म्हणजे सुईणीचं घर. हिरवं दार, दोन पायऱ्या, आत कुत्रं. तिला नुसती बाळांच्या फोटोंची पाकिटं यायची."

समोर आमचं दार होतं. त्याच दारातून ते चाळीस वर्षं आत-बाहेर करत आले.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. "सुईणीचं घर."

त्यापुढचा सिनेमा मी बघितला नाही. दाराचा नंबर सांग. काय दिसतंय ते सांग. आवाज वाढव. तेवीस सिनेमे मी त्यांना वाचून दाखवत होते आणि वर त्यांच्या डोळ्यांची तारीफ करत होते. एवढा मूर्ख इन्स्पेक्टर कुठल्या खात्यात नसेल.

२८ मार्च, शुक्रवार

तिकीट सहा तारखेचं. बोलले तर घर जाईल आणि अप्पांचं जाणं राहील. नाही बोलले तर डोळे नसलेला माणूस माझ्या साक्षीवर एकटा राहायला जाईल. आधी राग आला, मला फसवलं म्हणून. मग कळेना, राग कुणाचा करावा. मोजे माझ्या समोर होते. काकूंनी सांगितलं होतं. पायऱ्यांच्या रस्त्याला त्यांनी नवीन म्हटलं, तेव्हाही मी हसले.

आज सिनेमा लावला नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

३० मार्च, रविवार

पंपवाले पंपावर होते. मी चहा घेऊन अप्पांच्या समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "अप्पा, परवाचं ते दार आपलं होतं. आठची पाटी सिनेमावाल्यांची होती. दार आपलं."

कप त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "पडदा होता?"

"होता."

"आखूड?"

"आखूडच. शिवला तेव्हापासून आखूड आहे, आता काय लांब होणार?"

ते थोडे हसले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी कप काढून घेतला.

डाव्या डोळ्याने वर्षभर दिसत नाही म्हणाले. उजव्यात धुकं. खिडकी कळते, माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण ते आवाजावरून.

"मग एकटे राहायला कुठे निघालात?" माझा आवाज चढला. "पडलात बिडलात तर?"

"तिथे मला डोळे लागत नाहीत गं. घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत त्र्याहत्तर पावलं, मग वळायचं, भिंतीला हात लागतो. जिन्याच्या पायऱ्या पाठ. इथे प्रत्येक भिंत परकी. इथे मी आंधळा आहे. तिथे नुसता म्हातारा."

मग जे मनाला लागलं होतं ते विचारलं, "आणि मग रोज तीन वाजता सिनेमा कसला बघत बसायचात? तुमची परीक्षा होती म्हणून?"

"परीक्षा तुझ्या नवऱ्याने घेतली, मला नंतर कळलं." मग म्हणाले, "इथे आल्यापासून तुझा आवाज खाली गेलाय. हो, नाही, वाढू का, एवढंच बोलायचीस. मला चेहरा दिसत नाही, मी आवाजावरच असतो. त्या दिवशी तुला तो जिना दिसला आणि तू ओरडलीस. तिकडे तू खालून हाक मारायचीस ना, अप्पा किल्ली टाका, अगदी तशी. म्हटलं, हिला रोज एक जिना सापडावा."

मी रडले. तोंड लपवायचं कारणच नव्हतं, पण आवाज लपवता आला नाही. अप्पा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. या माणसाने माझ्यासाठी न दिसणारे तेवीस सिनेमे बघितले, असं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "मी आज त्यांना सांगणार."

"सांगितलंस तर घर जाईल."

"जाऊ दे."

"तुझंही जाईल," अप्पा म्हणाले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तरीही संध्याकाळी सांगितलं.

२ एप्रिल, बुधवार

पंपवाले रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत, त्यांनी रजा टाकली आणि आज आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई फटकळ. म्हणाल्या, डावा डोळा गेलाय, वर्षभर आधी आला असतात तर वाचवला असता. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, काढू. मागचा पडदा कसा आहे ते काढल्यावरच कळेल, त्यामुळे किती दिसेल याचा शब्द देत नाही.

अप्पांनी एकच विचारलं, "पाकिटावरचा पत्ता वाचता येईल?"

"आधी माणसं ओळखा, मग पत्ते," बाई म्हणाल्या.

तिकीट रद्द केलं. घर सोडण्याचं पत्र पंपवाले महिनाअखेर लिहिणार आहेत. अप्पा माझ्याशी परवापासून मोजकं बोलतात. रुसलेत. मोजे मात्र आता मला विचारून घालतात.

७ एप्रिल, सोमवार

ऑपरेशन बुधवारी. तीन वाजले की आम्ही दोघंही घड्याळाकडे कान लावून बसतो आणि टीव्ही कुणीच लावत नाही. आज शेवटी मीच त्यांना आठवून आठवून एक जिना सांगितला, ग्रंथालयाच्या मागचा, तळापासून गच्चीपर्यंत. मीटरचं कपाट कुठे, दिव्याचं बटण कुठे, कुठल्या मजल्यावर कुणाचं बाळ रडायचं. अप्पा मधेच म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर हळू. तिथे मोलकरीण बादली ठेवते." रुसवा गेला.

उजव्यातलंही गेलं तर? हा विचार मी दिवसातून शंभरदा करते. मी बोलले नसते तर निदान धुकं तरी राहिलं असतं.

१० एप्रिल, गुरुवार

आज पट्टी काढली. मी समोर उभी होते, पंपवाले बाजूला कागद घेऊन. बाईंनी बोटं धरली, अप्पांनी सांगितली, दोन, मग पाच, मग तीन. बाई म्हणाल्या, छान. मी टेबल धरलं.

मग अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी थट्टा करतील. ते बघतच राहिले. डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसलंही नाही.

"सूनबाई?"

"हो अप्पा, मीच."

"अगं, किती वाळलीस."

मी म्हटलं, कपडे सैल झालेत, इथलं पाणी तसं आहे, म्हणून तसं वाटतंय. त्यांनी ऐकलं नाही. मान वळवून मुलाला शोधलं आणि म्हणाले, "माझे डोळे गेले होते. तुझे कुठे होते?"

मला अप्पांचा फार राग आला. डॉक्टरांसमोर असं बोलतात का? पंपवाल्यांनी हातातल्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

घरी आल्यावर मी चहा टाकत होते, तेव्हा ते स्वयंपाकघरात आले आणि माझ्या पट्ट्याचं टोक हातात धरून भोकं मोजली. कंपनीची भोकं सोडून चार.

"ही कधी पाडलीस?"

"पाडली अशीच. एक जानेवारीत, एक..." मला पुढचं आठवेना.

ते स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस, अगदी लहान झाला. म्हणाले, "मला वाटलं तू सुखात आहेस. जिने चढायला लागत नाहीत म्हणून."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझं बरं चाललंय, फक्त हवा जड आहे.

त्यांनी चहा गाळला. अर्धा बाहेर सांडला, पण गाळला.

१८ एप्रिल, शुक्रवार

खालच्या काकूंनी सांगितलं, तुझे सासरे आज जिन्यात माझ्याकडे बघून हसले. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, "अशी दिसते होय ती? आवाजावरून मला जाडी वाटली होती."

पंपवाले रोज जेवताना माझ्या ताटाकडे बघतात. घास मोजतात की काय, देव जाणे. काल मी म्हटलं, मी काय तुमचा पंप आहे, दाब तपासायला? तर म्हणाले, "पंप बिघडला तर आवाज तरी करतो."

त्यांनी मला न विचारता वीज कंपनीत माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. तिकडच्या जुन्या इमारतींत अजून जुनेच मीटर आहेत, माणूस चढल्याशिवाय आकडा कळत नाही, आणि आताची मुलं चौथ्या मजल्याला नाही म्हणतात. साहेब म्हणाले, बाई येत असतील तर जूनपासून घेतो.

मी भांडले. तुम्हाला इथे एकटं टाकून? पाच तासांचा प्रवास, बदली संपायला अजून दीड वर्ष. लोक काय म्हणतील ते वेगळंच. ते म्हणाले, "विचार कर. मी काही हाकलत नाहीये."

विचार करतेय. त्यांना सोडून जायचं म्हटलं की रडू येतं. जायचं नाही म्हटलं की परत झोप येते.

१० मे, शनिवार

घर सोडण्याचं पत्र पंपवाल्यांनी लिहिलंच नाही, आणि आज मालकाचा कागद आला. घर ठेवणार असाल तर पुढच्या काळात तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांची नावं लिहून पाठवा. खाली तीन ओळी.

दुपारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. अप्पांनी नवा चष्मा लावला, कागद नाकाजवळ नेला आणि सगळा कागद स्वतः वाचला, मालकाच्या पत्त्यातली चूकसुद्धा काढली. मग पेन मागितलं. पोस्टमन माणूस, मला वाटलं झोकात लिहितील, पण वर्षभरात हाताची सवय गेलेली. अक्षर ओळ सोडून वर चढलं. पहिल्या ओळीवर त्यांनी माझं नाव लिहिलं. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं फक्त, आणि मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या ओळीवर स्वतःचं.

मग पेन मुलाकडे सरकवलं. "तुझं तू लिही."

पंपवाल्यांनी पेन घेतलं आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग तिसऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं, आणि नावापुढे कंसात लिहिलं, 'शनिवार, रविवार'.

मी म्हटलं, "अहो, हे कशाला? मालकाला काय करायचंय त्याचं?"

ते म्हणाले, "मालकासाठी नाही लिहिलं."